अकरा चिंचोके

कॅरमबोर्ड उलटा केला की मैदान होतं.
मागच्या प्लायवर खडूची मधली रेघ,
दोन पेट्या, आणि वाटी पालथी घालून काढलेलं वर्तुळ.
बायको विचारते, संघ निवडताय की पत्रिका जुळवताय?
मी म्हणतो, तेच ते.

रविवारी रेंजहिल्सशी गाठ आहे
आणि मला चार-तीन-तीन हवंय.
पुढूनच दाब. चेंडू गेला की सहा सेकंदांत परत.
हे कुठंतरी पाहिलं आणि आवडलं,
जसा लग्नात दुसऱ्याचा कोट आवडतो
आणि मग आपल्याच खांद्यांचा राग येतो.

तर खांदे बघू.

गोलात बेनेडिक्ट. हातात आलेलं सुटत नाही,
पण पायात चेंडू आला
की बँकेत फॉर्म भरणाऱ्यासारखा
शेजारच्याकडे बघतो.
तिथून बांधणी सुरू करायची, असं वहीत लिहिलं होतं.
खोडलं. लांब मार, बाबा.

दोन्ही स्टॉपर खडकी बाजारातले, सख्खे भाऊ,
एप्रिलपासून एकमेकांशी बोलत नाहीत, गाळ्यावरून.
तरी ऑफसाइडची रेघ अशी धरतात
की गवंड्याने ओळंबा तपासून घ्यावा.
त्यांना हलवायचं नाही.
समेटही करायचा नाही, निदान मोसम संपेपर्यंत.

उजवीकडे मुश्ताक पळतो.
एवढंच. पण एवढं तरी कोण करतं?

मधे आल्हाद. कोथरूडहून सायकलने येतो,
तो स्पेस म्हणतो, मी जागा म्हणतो,
दिसते दोघांनाही,
पोचत मात्र कुणीच नाही.

आणि विल्सन शिंदे.
चौतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा.
सहा सेकंदांत फार तर मान वळवेल.
पण मान वळवतो
तिथंच चेंडू जाणार असतो.
दाबाच्या खेळात हा चिंचोका बसत नाही.
उचलला. बाजूला ठेवला.
उरलेल्या दहांत एकदम काहीतरी थांबलं,
फ्रीज बंद पडल्यावर कळतं ना,
की इतका वेळ तो चालू होता.
परत ठेवला.

डाव्या बॅकला बसवराज.
त्याला वर जायचंय, माझ्या आखणीत सगळं त्याच्यावर आहे.
आणि आज कळलं, चाकणला तिसरी शिफ्ट लागलीय.
सकाळी सातला सुटणार,
बसने नाशिक फाटा, तिथून मिळेल ते,
साडेआठला किकऑफ.
आठ तास उभ्या राहिलेल्या पायांकडे
मी नव्वद मिनिटांचं येणंजाणं मागतोय.
खडूच्या एवढ्या रेघा मारल्या,
कारखान्याचा भोंगा कुठेच मांडला नव्हता.

फोन केला. मागे मशीन.
म्हणाला, सर, पहिला हाफ तरी.
म्हटलं, मागेच थांब, वर जाऊ नको.
मग डावीकडून वर कोण जाणार?
हे त्याने विचारलं. मी नाही.

बोर्डवर डावीकडे रिकामा पट्टा.
मुश्ताकला तिकडे नेला, तर त्याचा डावा पाय
फक्त उभं राहण्यापुरता.
चार-चार-दोन?
त्यात मी खेळायचो, म्हणून सुचतं. खोडलं.

पावणेअकरा. विल्सन जागा असतो, गुडघा शेकत.
सगळं सांगितलं. तो गप्प.
मग म्हणाला, त्यांचा उजवा विंगर नवीन आहे,
येऊ दे वर. बसवराजला त्याच्यामागे पाठवू नका.
तासाभरात तो आपोआप दमेल.
तुला काय माहीत? सराव पाहिलास?
नाही, बुधवारी बेकरीत भेटला.
पाव घ्यायला रांगेत होता,
चार माणसं पुढे, तर खाली बसून घेतलं त्याने.

मी बसवराजचा चिंचोका
अर्ध्या बोटाने मागे सरकवला
आणि विल्सनचा
होता तिथेच राहू दिला.